न दिसणारे दाखविताना : नेटवर्किंगच्या व्यावसायिक शिक्षणासाठी परस्परसंवादी डिजिटल माध्यमे

(औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

व्यावसायिक शिक्षणातील बहुतेक विषय डोळ्यांना दिसतात. जोडारी शिकणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला कानशीने घासलेला पृष्ठभाग दिसतो, वेल्डिंग शिकणाऱ्याला सांधा दिसतो, सुतारकाम शिकणाऱ्याला लाकडाची चूल बसली की नाही हे हाताला कळते. संगणक नेटवर्किंगचे तसे नाही. तार दिसते, स्विचवरील हिरवा दिवा दिसतो. पण त्या तारेतून जाणारी माहितीची पाकिटे, त्यांवरील पत्ते, वाटेत होणारे निर्णय आणि वाटेतच झालेला अपघात यांतील काहीच दिसत नाही. दिसते ते एवढेच, की पडद्यावरचे पान उघडले किंवा उघडले नाही. जे दिसत नाही ते शिकवायचे कसे, हा या विषयाच्या अध्यापनातील मूलभूत प्रश्न आहे आणि परस्परसंवादी डिजिटल माध्यमांची खरी गरज येथूनच सुरू होते.

हा प्रश्न वर्गापुरता मर्यादित नाही. बँकेची शाखा, तहसील कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, रेल्वे आरक्षण, शिधावाटपाचे यंत्र, शाळेतील संगणक कक्ष हे सारे आज नेटवर्कवर चालते. ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्यासाठी २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क हा प्रकल्प मंजूर झाला आणि पुढे तो ‘भारतनेट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत हे जाळे पोहोचले आहे. परंतु जाळे पोहोचणे आणि जाळे चालू राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बिघाड झाला असता तो कोठे आहे हे ओळखणारा माणूस तालुक्यात उपलब्ध नसेल, तर कोट्यवधी रुपयांची यंत्रणा एका सैल झालेल्या जोडणीपायी बंद राहू शकते. असा माणूस घडविण्याची जबाबदारी व्यावसायिक शिक्षणावर आहे.

पार्श्वभूमी

स्वतंत्र भारतात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. व्यावसायिक प्रशिक्षणाचे मानदंड ठरविण्यासाठी १९५६ मध्ये राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तर शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा कायदा १९६१ चा आहे. आज देशात शासकीय व खासगी मिळून १४ हजारांहून अधिक औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांमध्ये ‘कोपा’ या संक्षिप्त नावाने परिचित असलेला संगणकचालक व प्रोग्रामिंग साहाय्यक हा व्यवसाय, संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा व्यवसाय आणि माहिती-संचार यंत्रणेच्या देखभालीचा व्यवसाय यांतून नेटवर्किंगचे शिक्षण दिले जाते.

शिक्षणासाठी माध्यमे वापरण्याची आपल्याकडील परंपरा याहून रोचक आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. व्यावसायिक प्रशिक्षणासाठी पुस्तके, तक्ते व पारदर्शिका तयार करणारी केंद्रीय संस्था डिसेंबर १९८६ मध्ये जर्मनीच्या सहकार्याने चेन्नई येथे स्थापन झाली. तीच आज राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था म्हणजेच ‘निमी’ म्हणून ओळखली जाते. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा शिक्षणासाठीच वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला आणि २०१० पर्यंत त्याने सेवा दिली. २००९ मध्ये माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. आभासी प्रयोगशाळा आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे उपक्रम याच अभियानात वाढले. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’, तर २०१९ मध्ये प्रशिक्षण महासंचालनालयाचे ‘भारत स्किल्स’ हे व्यासपीठ उपलब्ध झाले.

या प्रवासाकडे बारकाईने पाहिले असता एक सूत्र हाती लागते. ‘साइट’मध्ये प्रेक्षक पाहत होता; त्याच्या मनात आलेला प्रश्न उपग्रहापर्यंत पोहोचत नव्हता. ‘एज्युसॅट’च्या काळात काही केंद्रांतून प्रश्न विचारण्याची सोय झाली. आभासी प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः काही बदल करू लागला आणि त्याचा परिणाम त्याला दिसू लागला. एकेरी प्रक्षेपणाकडून दुहेरी व्यवहाराकडे झालेली ही वाटचाल म्हणजेच परस्परसंवादी माध्यमाचा इतिहास होय.

परस्परसंवाद म्हणजे काय?

‘परस्परसंवादी’ हा शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. पुढील पान आणण्यासाठी कळ दाबावी लागते, तेवढ्यावरून एखाद्या माध्यमाला परस्परसंवादी म्हणणे म्हणजे पुस्तकाचे पान उलटण्याला संभाषण म्हणण्यासारखे आहे. विवेचनाच्या सोयीसाठी याच्या तीन पायऱ्या कल्पिता येतील. पहिल्या पायरीवर विद्यार्थी केवळ गती व क्रम ठरवितो : थांबवितो, मागे नेतो, पुन्हा पाहतो. दुसऱ्या पायरीवर तो उत्तर देतो आणि माध्यम ते बरोबर की चूक एवढे सांगते. तिसऱ्या पायरीवर तो निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे परिणाम त्याच्यासमोर उलगडतात. नेटवर्किंगच्या शिक्षणाला खरा उपयोग आहे तो या तिसऱ्या पायरीचा, कारण प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी ‘तुमचे उत्तर चुकले’ असे कोणी सांगत नाही; नेटवर्क बंद पडते, एवढेच.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका कार्यालयाला १९२.१६८.१०.० ते १९२.१६८.१०.२५५ हे २५६ पत्ते उपलब्ध आहेत. चार विभागांसाठी त्यांचे प्रत्येकी ६४ पत्त्यांचे चार गट केले : ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. प्रत्येक गटातील पहिला पत्ता त्या उपजाळ्याचा आणि शेवटचा सर्वांना एकाच वेळी संदेश पाठविण्याचा; म्हणून यंत्रांना देण्यासाठी उरतात ६२. येथपर्यंतचे गणित फळ्यावर शिकविता येते आणि परीक्षेत विचारलेही जाते. आता लेखा विभागातील एका संगणकाला ७० क्रमांकाचा पत्ता दिला, त्याचा मुखवटा २५५.२५५.२५५.१९२ असा बरोबर भरला, पण बाहेर जाण्याचा दरवाजा म्हणजे गेटवे म्हणून ६५ ऐवजी सवयीने १ हा क्रमांक भरला. या संगणकावरून शेजारच्या ७५ क्रमांकाशी संपर्क होतो, पण बाहेरच्या कोणत्याही यंत्राशी होत नाही.

प्रशिक्षणार्थी गोंधळतो तो नेमका येथे. तार ठीक आहे, दिवा लागलेला आहे, शेजाऱ्याशी बोलणे होते आहे; मग बिघाड कोठे? गेटवेसाठी दिलेला १ हा क्रमांक ० ते ६३ या दुसऱ्याच गटात मोडतो. घराबाहेर पडण्यासाठी शेजारच्या वाड्याचा दरवाजा शोधावा, तसा हा प्रकार आहे. चांगले माध्यम हे उत्तर लगेच सांगून टाकत नाही. ते पाकिटाचा प्रवास पावलापावलाने दाखविते, ते कोणत्या ठिकाणी अडले तेथे थांबते आणि प्रशिक्षणार्थ्याला विचारते : हा पत्ता कोणत्या गटातला? प्रशिक्षणार्थ्याने गेटवे बदलून ६५ केला की तेच पाकीट पुढे सरकते. एकदा अशा रीतीने कळलेली गोष्ट सहसा विसरली जात नाही, कारण येथे नियम पाठ केलेला नसून चुकीतून हाती आलेला असतो.

चूक करण्याची ही मुभा हे परस्परसंवादी माध्यमाचे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे. चालू कार्यालयाच्या राउटरवर प्रशिक्षणार्थ्याला प्रयोग करू देता येत नाही. संस्थेतील एक-दोन राउटरवर वीस-पंचवीस जणांनी आलटून पालटून काम करायचे म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. आभासी जाळ्यात मात्र प्रत्येकाला स्वतःचे जाळे मिळते, ते कितीही वेळा मोडता येते आणि क्षणात पूर्ववत करता येते.

उपलब्ध साधने आणि त्यांचा विवेक

नेटवर्किंगच्या वर्गासाठी वापरण्याजोगी साधने आज पुष्कळ आहेत. सिस्को या कंपनीने १९९७ मध्ये सुरू केलेल्या नेटवर्किंग अकादमीतील ‘पॅकेट ट्रेसर’ हे त्यांपैकी बहुपरिचित आहे. त्यात प्रत्यक्ष वेळेची आणि अनुकरणाची अशा दोन पद्धती आहेत. दुसऱ्या पद्धतीत काळ थांबवून एकेक पाकीट कोणत्या यंत्रात काय होऊन पुढे गेले, हे थरांनुसार पाहता येते. ‘जीएनएस-३’ या साधनात खऱ्या राउटरची प्रणालीच संगणकावर चालविता येते. ‘वायरशार्क’ प्रत्यक्ष जाळ्यातून जाणारी पाकिटे टिपून त्यांची फोड करून दाखविते. १९९८ मध्ये ‘इथिरियल’ या नावाने आलेल्या या साधनाला २००६ मध्ये आजचे नाव मिळाले. ‘मूडल’ ही अध्ययन व्यवस्थापनाची मुक्त प्रणाली आणि ‘एच-५-पी’ हे परस्परसंवादी पाठ रचण्याचे मुक्त साधन निदेशकांना स्वतःचे पाठ तयार करण्यास उपयोगी पडते.

येथे दोन संज्ञांमधील फरक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. यंत्राच्या वर्तनाची नक्कल करणारे ते अनुकरणक, म्हणजे सिम्युलेटर. यंत्राची मूळ प्रणालीच दुसऱ्या संगणकावर चालविणारे ते प्रतिरूपक, म्हणजे एम्युलेटर. पहिले हलके असते व साध्या संगणकावर चालते, पण त्याच्या निर्मात्याने ज्या आज्ञा अंतर्भूत केल्या तेवढ्याच त्यात चालतात. दुसरे वास्तवाच्या अधिक जवळ असते, पण त्याला अधिक स्मृती व अधिक क्षमतेचा संगणक लागतो. संस्थेतील संगणक कोणत्या क्षमतेचे आहेत, हे पाहूनच निवड करणे शहाणपणाचे ठरते.

साधन निवडताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. एकाच कंपनीच्या साधनावर संपूर्ण अभ्यासक्रम बेतला, तर प्रशिक्षणार्थी त्या कंपनीच्या आज्ञा शिकतो. नेटवर्किंगची तत्त्वे शिकतोच असे नाही. तत्त्वे मात्र कोणा एका कंपनीची नाहीत. ‘अर्पानेट’ने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी-आयपी ही संकेतप्रणाली स्वीकारली आणि सात थरांचे ओएसआय प्रतिमान १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यानंतर यंत्रे कितीतरी वेळा बदलली, पण पत्ता, मार्ग, थर आणि पोच या कल्पना टिकून आहेत. माध्यमाचा भर या टिकणाऱ्या गोष्टींवर असावा.

‘वायरशार्क’सारख्या साधनाबरोबर नीतीचा पाठही द्यावा लागतो. असुरक्षित जोडणीवरून पाठविलेला परवलीचा शब्द जसाच्या तसा वाचता येतो, हे वर्गातील स्वतंत्र जाळ्यावर दाखविले असता सुरक्षित जोडणीचे महत्त्व एका क्षणात पटते. परंतु हेच कृत्य दुसऱ्याच्या जाळ्यावर परवानगीशिवाय केले तर ते माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कक्षेत येते. या कायद्याच्या कलम ४३ मध्ये विनापरवानगी प्रवेशाबद्दल भरपाईची तरतूद आहे आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

निर्मितीची पद्धती

शैक्षणिक माध्यम तयार करणे म्हणजे पाठ्यपुस्तक पडद्यावर चढविणे नव्हे. त्यासाठी सुविहित पद्धती विकसित झालेल्या आहेत. विश्लेषण, आराखडा, विकसन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या पाच टप्प्यांची ‘अ‍ॅडी’ ही पद्धती १९७० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी फ्लोरिडा राज्य विद्यापीठात झालेल्या कामातून पुढे आली. मूळचे चेन्नईचे असलेले शिवशैलम त्यागराजन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडलेली व्याख्या, आराखडा, विकसन आणि प्रसार ही चार टप्प्यांची पद्धतीही आशियातील अनेक देशांत व्यावसायिक शिक्षणाची माध्यमे घडविताना वापरली जाते.

यातील पहिला टप्पा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. नेटवर्क तंत्रज्ञ प्रत्यक्षात कोणती कामे करतो, त्यांपैकी कोणत्या कामात नवशिक्या चुकतो आणि ती चूक कोणत्या गैरसमजातून होते, याची यादी आधी करावी लागते. ‘उपजाळे शिकविणे’ हे उद्दिष्ट मोघम आहे. ‘दिलेल्या दोन पत्त्यांची यंत्रे एकाच उपजाळ्यात आहेत की नाहीत, हे मुखवट्यावरून ठरविता येणे’ हे उद्दिष्ट तपासता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ मध्ये अधिसूचित झाला, तो अशाच फलिताधारित विचारावर उभा आहे. किती तास शिकविले यापेक्षा शिकणाऱ्याला काय करता येते, हे त्यात पाहिले जाते.

दुसऱ्या टप्प्यात माणसाच्या कार्यकारी स्मृतीची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी मनात धरता येतात, या तत्त्वावर जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात बोधभाराचा सिद्धांत मांडला. रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी अध्ययनाची तत्त्वे सांगितली : चित्र आणि त्याचे स्पष्टीकरण जवळजवळ असावे, आशयाशी संबंध नसलेली सजावट टाळावी, लांब पाठ लहान तुकड्यांत द्यावा, चलच्चित्राबरोबर लेखी मजकुराऐवजी निवेदन द्यावे. फिरणारी चिन्हे, सततचे संगीत आणि चकचकीत रंग यांनी माध्यम आकर्षक झाल्यासारखे वाटते. पण पाकीट कोणत्या क्षणी राउटरपाशी थांबले, तेच पाहायचे राहून जाते.

तिसऱ्या टप्प्यात विषयतज्ज्ञ आशय तपासतात, माध्यमतज्ज्ञ मांडणी तपासतात आणि त्यानंतर आधी मोजक्या प्रशिक्षणार्थ्यांवर, मग एका संपूर्ण तुकडीवर माध्यमाची चाचणी घेतली जाते. या चाचणीत निर्मात्याने प्रशिक्षणार्थ्याला मदत करू नये, असा संकेत आहे. तो कोठे अडखळतो, कोणती कळ शोधत राहतो, कोणता शब्द त्याला कळत नाही, हे शांतपणे नोंदविणे हेच त्या वेळचे काम होय. चौथा टप्पा प्रसाराचा. त्यात निदेशकांचे प्रशिक्षण, दुरुस्तीची व्यवस्था आणि आशय अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी निश्चित करावी लागते. नेमका हा टप्पा सुटला की चकत्या कपाटात आणि दुवे कागदावर राहतात.

भाषेचा प्रश्न

नेटवर्किंगची परिभाषा इंग्रजीतून आलेली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत येणारा प्रशिक्षणार्थी मात्र बहुधा आपल्या प्रदेशाच्या भाषेत दहावीपर्यंत शिकलेला असतो. अशा वेळी दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. एका भूमिकेनुसार सर्व काही इंग्रजीतच असावे. दुसरीनुसार प्रत्येक शब्दाला संस्कृतोद्भव प्रतिशब्द हवा. पहिलीत विचार कळत नाही, दुसरीत बाजारात गेल्यावर यंत्रावरचा शब्द ओळखता येत नाही. राउटर, स्विच, केबल, पोर्ट, सर्व्हर हे शब्द तसेच ठेवावेत आणि स्पष्टीकरण, कारणमीमांसा, प्रश्न व सूचना प्रादेशिक भाषेत असाव्यात, हा मध्यम मार्ग व्यवहारात उपयोगी ठरतो. कार्यशाळेत निदेशक आणि प्रशिक्षणार्थी बोलतात ते याच भाषेत.

‘स्पोकन ट्युटोरियल’ने या बाबतीत एक अनुकरणीय पद्धत घालून दिली आहे. पडद्यावरील आज्ञाप्रणाली इंग्रजीतच राहते, निवेदन मात्र २२ भारतीय भाषांत उपलब्ध होते. पाठ साधारणतः दहा मिनिटांचा असतो आणि तो ऐकत ऐकत विद्यार्थ्याने स्वतःच्या संगणकावर तीच कृती करावयाची असते. यंत्राद्वारे भाषांतरासाठी २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आहे. त्याचा उपयोग जरूर व्हावा; तथापि तांत्रिक आशयाची अंतिम तपासणी त्या विषयाच्या निदेशकाकडूनच व्हावी. ‘पोर्ट’ म्हणजे बंदर आणि ‘ब्रिज’ म्हणजे पूल असे भाषांतर झालेल्या पाठाने शिकणाऱ्याची दिशाभूलच होईल.

समान संधीचा विचार

डिजिटल माध्यम समानता आणते, असे गृहीत धरले जाते. पण ते विषमताही वाढवू शकते. अखंड इंटरनेट, स्वतःचा संगणक आणि शांत खोली ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठीच बनविलेले माध्यम मागे असलेल्याला आणखी मागे ढकलते. म्हणून माध्यम इंटरनेटशिवाय चालावे, संस्थेतील एका संगणकावर ठेवून कक्षातील जाळ्यावरून सर्वांना मिळावे, वीज गेली तर झालेले काम जतन राहावे आणि साध्या मोबाइलवरही किमान वाचता येण्याजोगे असावे. विशेष म्हणजे असे स्थानिक सर्व्हर उभारणे हेच प्रशिक्षणार्थ्यांसाठी उत्तम प्रात्यक्षिक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शिक्षण आणि माहिती-तंत्रज्ञान दिव्यांगांना सुगम्य असणे अपेक्षित आहे. नेटवर्किंगमध्ये याला एक खास संदर्भ आहे. केबलच्या टोकाला जोडणी करताना टी-५६८-बी या मानकानुसार आठ तारांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा असतो. रंगांधळेपण असलेल्या प्रशिक्षणार्थ्याला हिरवा आणि तपकिरी यांतील भेद पडद्यावर ओळखणे कठीण जाते. प्रत्येक तारेला क्रमांक आणि रंगाचे नाव दिले तर हा अडथळा सहज दूर होतो आणि इतरांनाही ते सोयीचे होते. चित्राला शब्दवर्णन, निवेदनाला उपशीर्षके आणि माऊसशिवाय केवळ कळफलकाने काम करण्याची सोय या गोष्टी आराखड्यातच असाव्यात. नंतर त्या जोडणे महागात पडते.

माध्यमाच्या मर्यादा

पडद्यावर केबलला टोक बसविता येते, पण त्या वेळी तारेचे आवरण किती सोलावे, पक्कड किती दाबावी आणि आठही तारा टोकापर्यंत पोहोचल्या की नाहीत हे बोटांना कळत नाही. तांब्याच्या जोडतारेची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी, हा नियम पडद्यावर वाचता येतो. छताखालून वळणे घेत नेलेली तार प्रत्यक्षात किती लांब झाली, हे शिडीवर चढल्याशिवाय समजत नाही. फायबर जोडताना लागणारी स्वच्छता, वीजवाहक तारांपासून ठेवावयाचे अंतर, ग्राहकाशी बोलण्याची रीत या गोष्टी कार्यशाळेत आणि प्रत्यक्ष कामावरच शिकाव्या लागतात.

यामुळे आभासी जाळे उपलब्ध आहे म्हणून खऱ्या उपकरणांवरील खर्चाला कात्री लावणे हा मोठाच धोका आहे. माध्यमाचे काम प्रात्यक्षिकाची जागा घेण्याचे नसून प्रात्यक्षिकाची तयारी करून घेण्याचे आहे. पडद्यावर दहा वेळा चुकून आलेला प्रशिक्षणार्थी खऱ्या राउटरसमोर बसतो, तेव्हा त्याचा वेळ आज्ञा शोधण्यात जात नाही. मर्यादित उपकरणांचा उपयोग अधिक चांगला होतो. निदेशकाची भूमिकाही कमी होत नाही, ती बदलते. माहिती सांगण्याचे काम माध्यमाने उचलले की प्रत्येकाच्या चुकीमागचा विचार समजून घेण्यास निदेशकाला सवड मिळते.

मूल्यमापन

माध्यम यशस्वी झाले हे कशावरून ठरवावे? ‘पाठ आवडला का?’ असा प्रश्न विचारून भरून घेतलेली प्रपत्रे हा त्याचा पुरावा नव्हे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या सांगितल्या : प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम. बहुतेक उपक्रम पहिल्या पातळीवर थांबतात. दुसऱ्या पातळीसाठी पूर्वचाचणी व उत्तरचाचणी हवी आणि शक्य तेथे नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या तुकडीशी तुलना हवी. अन्यथा झालेली प्रगती माध्यमामुळे की केवळ सरावामुळे, हे कळत नाही. तिसऱ्या पातळीसाठी प्रशिक्षणार्थ्याला बिघडलेले खरे जाळे देऊन तो ते कोणत्या क्रमाने तपासतो, हे पाहावे लागते.

हा क्रम विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी तार व दिवा, मग यंत्राला मिळालेला पत्ता, मग १२७.०.०.१ या पत्त्यावर स्वतःच्याच यंत्रणेची परीक्षा. मग शेजारचे यंत्र, मग गेटवे, मग बाहेरचा पत्ता आणि शेवटी नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा. बाहेरच्या पत्त्याशी संपर्क होतो पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर संशय डीएनएसवर घ्यावा. जवळून दूर आणि खालून वर जाण्याची ही शिस्त हेच या व्यवसायाचे मर्म आहे. बहुपर्यायी प्रश्नांतून ती मोजता येत नाही. परस्परसंवादी माध्यमात मात्र प्रत्येक पावलाची नोंद राहते. अंदाजाने तारा हलवत योगायोगाने उत्तरापर्यंत आलेला आणि विचारपूर्वक आलेला यांतील फरक त्या नोंदीवरून निदेशकाला कळतो.

धोरण आणि पुढील दिशा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने व्यावसायिक शिक्षण मुख्य प्रवाहात आणण्याचा, भारतीय भाषांतून आशय निर्माण करण्याचा आणि आभासी प्रयोगशाळांचा पुरस्कार केला आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,००० शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या दर्जावाढीची ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांपैकी केंद्राचा वाटा ३०,००० कोटी, राज्यांचा २०,००० कोटी आणि उद्योगांचा १०,००० कोटी रुपयांचा आहे. एक केंद्रवर्ती संस्था आणि तिच्याशी जोडलेल्या इतर संस्था, अशी २०० व ८०० संस्थांची तिची रचना आहे. माध्यमनिर्मितीसाठीही हीच रचना उपयोगी पडू शकेल : केंद्रवर्ती संस्थेत पाठ तयार व्हावेत, जोडलेल्या संस्थांत ते तपासले जावेत आणि तेथील निदेशकांनी आढळलेल्या त्रुटी परत कळवाव्यात.

पाठांसाठी विषयही दूर शोधावे लागणार नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात सरळ रेषेतील जोडणीऐवजी वलयाकार जोडणीवर आणि दहा वर्षांच्या देखभालीवर भर आहे. त्याचे कारण एका लहानशा पाठातून उलगडता येईल. पडद्यावर तालुक्यापासून निघालेली आणि एकामागून एक सहा गावांना जोडणारी रेषा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गावामधील फायबर प्रशिक्षणार्थ्याने तोडताच पुढची चारही गावे अंधारात जातात. मग त्याने सहाव्या गावापासून तालुक्यापर्यंत आणखी एक तार ओढून वलय पूर्ण करावे आणि पुन्हा तीच तार तोडावी. या वेळी एकही गाव तुटत नाही. पाकिटे उलट्या दिशेने फिरून पोहोचतात. जाळ्याच्या रचनेचा पाठ आणि राष्ट्रीय धोरणाचा अर्थ प्रशिक्षणार्थ्याला येथे एकाच कृतीत समजतो आणि आपल्या गावाची जोडणी कोणत्या प्रकारची आहे, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो.

तात्पर्य, परस्परसंवादी माध्यमाचे मोल त्यासाठी खर्च झालेल्या रकमेवरून किंवा त्यातील चित्रांच्या झगमगाटावरून ठरत नाही. आपल्या भाषेत, आपल्या संस्थेतील साध्या संगणकावर, कोणी न रागावता पुन्हा पुन्हा चुकण्याची आणि चुकीचे कारण स्वतः शोधण्याची संधी ते शिकणाऱ्याला देते का, हीच त्याची कसोटी होय. या कसोटीला उतरलेल्या पाठातून तयार झालेला तंत्रज्ञ बंद पडलेल्या आरोग्य केंद्राच्या जोडणीपाशी पोहोचेल, तेव्हा तो तारा अंदाजाने उपटणार नाही. दिव्यापासून सुरुवात करून एकेक पायरी तपासत जाईल. देशाचे डिजिटल जाळे अखेर अशाच माणसांच्या शिस्तीवर उभे राहणार आहे.